पेंढ्याचं वासरू
पेंढ्याचा वास आला, की संस्थानी काळातल्या भोरच्या हायस्कुलातला माझा एक तास आठवतो. मी फळ्यावर ‘कल्पित’ हा शब्द लिहून विचारलं, गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असून आपण रडतो कशाला? वेल्ह्याकडचा एक विद्यार्थी उठला. “मास्तर, वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईम्होरं ठेवत्यात. तिला कळत आसंल, तरी चाटती आन् पान्हा सोडती. दूध खरंच आसतंय.” मी खडू ठेवून तास तिथंच थांबवला. आमचं तान्हं जाऊन महिना झाला होता, तरी पत्नी झबली शिवत बसायची, आणि त्यावरून सकाळीच मी तिला बोललो होतो. संध्याकाळी घरी जाऊन मी तिच्या सुईत दोरा ओवून दिला. आता पत्नीही नाही. तिनं शिवलेली झबली अधूनमधून मीच उन्हात ठेवतो.