व्हरांड्यातली खुर्ची

मोठ्या बाईंना वर्गात खुर्ची दिली की त्या ती स्वतः उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवायच्या आणि आत जाऊन शेवटच्या बाकावर मुलींच्या शेजारी बसायच्या. त्यामुळे आमच्या डोंबिवलीच्या शाळेत एखाद्या वर्गाबाहेर रिकामी खुर्ची दिसली, की बाई आत आहेत हे समजायचं. शेजारच्या वर्गांतल्या शिक्षकांचे आवाज मग आपोआप चढायचे. माझाही चढायचा.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, हे मराठी शाळेत शिकलेल्यांना सांगायला नको. त्यांच्या आधीचे मुख्याध्यापक वर्गाच्या दारापर्यंत यायचे. मुलं उभी राहायची, शिक्षक हातातला खडू ठेवून 'या सर' म्हणायचे, सर हात वर करून 'चालू द्या' म्हणायचे आणि निघून जायचे. आम्हाला तेवढंच माहीत होतं आणि तेवढंच बरं वाटत होतं. मुख्याध्यापक म्हणजे घरातला कर्ता माणूस. त्याने संस्थेच्या लोकांची मर्जी सांभाळावी, शिक्षण खात्याच्या कामासाठी ठाण्याला खेपा घालाव्यात, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हातात नारळ द्यावा. वर्गात काय चाललंय हे त्याने विचारलं, तर त्याचा आपल्यावर विश्वास नाही असा अर्थ व्हायचा. आमच्यातल्या एक बाई म्हणाल्याच होत्या, "अहो, हल्ली सासूसुद्धा सुनेच्या स्वयंपाकघरात विचारून येते!"

बाई संस्थेच्याच ठाण्यातल्या, वागळे इस्टेटच्या कारखान्यांजवळच्या शाळेतून बदलून आल्या होत्या. तिथली मुलं आठवी-नववीतच शाळा सोडून वर्कशॉपमध्ये कामाला लागायची. तेव्हा त्यांना घरी जाऊन विचारायची सवय बाईंना लागली, की बाबा रे, तुला नेमकं काय समजेना झालं होतं? ती सवय घेऊन त्या आमच्याकडे आल्या. इथली मुलं शाळा सोडत नव्हती, क्लासला जात होती, निकाल उत्तम लागत होता. इथे हा प्रश्न कुणालाच नको होता.

तास संपला की बाई वर्गाबाहेर थांबायच्या आणि हसून म्हणायच्या, "शिकवलंत छान. शिकलं कोण?" त्यांना खरंच उत्तर हवं असायचं. ऐकणाऱ्याला मात्र थोबाडीत बसल्यासारखं वाटायचं.

मला त्यांनी पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा मी आठवीला समीकरणं शिकवत होतो. नोकरीचं चौथं वर्ष, गणितात पहिला वर्ग, अंगात मस्ती. संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे गेली की अधिकचं वजा होतं, असं मी फळ्यावर दहा वेळा करून दाखवलं. दुपारी बाईंनी केबिनमध्ये बोलावून, 'कुणाला सांगू नका' म्हणत एक शंभर पानी वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं, 'आठवी ब, खिडकीजवळची मुलगी : पलीकडे गेलं की वजा होतं. का ते माहीत नाही. सर म्हणतात म्हणून.'

"का होतं हो वजा?" बाईंनी विचारलं.

मी तोच नियम पुन्हा म्हणून दाखवला.

"मी मराठीची. मला खरंच येत नाही. उद्या वर्गातच सांगा, मीही ऐकते."

मी ती वही पुढेमागे चाळली. पानंच्या पानं मुलांची वाक्यं होती, कुठे नावानिशी, कुठे नुसती बाकानिशी. कुणाला काय कळलं नाही, कुणाला भलतंच काय कळलं. एकाही शिक्षकाबद्दल त्यात एक शब्द नव्हता. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे जे झालं, ते मी हे पाहिल्यानंतर झालं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या भाजीवाल्या मावशींकडून तराजू मागून आणला. दोन्ही पारड्यांत बटाटे ठेवले. एकीकडचे दोन काढले, पारडं कललं. दुसरीकडचेही दोन काढले, पुन्हा समान झालं. खिडकीजवळची ती मुलगी न विचारताच ओरडली, "अच्छा! म्हणजे पलीकडे काही जातच नाही! दोन्हीकडून काढतोय आपण!" शेवटच्या बाकावर बाईंनी चक्क टाळी वाजवली. तीस वर्षांच्या नोकरीत मी ज्याला शिकवणं म्हणू शकेन असा तो बहुधा पहिला दिवस.

शिक्षकांच्या खोलीत त्या दिवसापासून माझं नाव भाजीवाला पडलं. "काय भाजीवाले, आज बटाटे काय भाव?" "बाईंना काय, सुटे पण देतो का रे?" मी हसायचो. रात्री घरी बायकोवर चिडायचो.

आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ होते अण्णा सर. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. इतिहास शिकवायचे, एकही पुस्तक हातात न घेता. गुरुपौर्णिमेला मुलं आमच्या पाया पडायची आणि आम्ही अण्णा सरांच्या. बाईंनी तीन वर्षांत सगळ्यांचे तास पाहिले, फक्त त्यांचा राहिला होता. कुणाला वगळायचं नाही, या भाबड्या न्यायबुद्धीने एके दिवशी त्यांनी अण्णा सरांच्या वर्गाबाहेर खुर्ची ठेवली.

अण्णा सर बोलता बोलता थांबले. म्हणाले, "बाई, पस्तीस वर्षांत माझ्या वर्गात येऊन कुणी बसलं नाही."

"मग पस्तीस वर्षं एकटेच होतात की हो, सर," बाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात कळवळा होता, असं त्या वर्गातल्या एका मुलाने मला नंतर सांगितलं. पण चाळीस मुलांसमोर बोललेल्या वाक्यातला कळवळा कोण शोधतो? अण्णा सरांनी मुलांना पुस्तक काढून मनात वाचायला सांगितलं आणि घंटा होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत उभे राहिले. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत येऊन बसले. डबा समोर ठेवला आणि उघडला नाही. सुट्टी संपली तेव्हा तो डबा तसाच पिशवीत गेला.

त्या न उघडलेल्या डब्याने ठिणगी पडली. मोठ्या माणसाच्या तोंडचा घास काढला, अशीच सगळ्यांची भावना झाली. दुसऱ्याच दिवशी संस्थेला पत्र द्यायचं ठरलं.

"अरे, तू लिही. तुझं मराठी भारी आहे."

"तो कसला लिहितोय! बाईंचा माणूस तो. तराजू घेऊन येईल."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. कुणीतरी म्हणालं, "बरं आहे, पण सपक वाटतंय रे. यावर संस्था फक्त चहा पाजेल." तेव्हा मी पेन पुन्हा उघडलं आणि शेवटी एक वाक्य घातलं : 'मुख्याध्यापिका शिक्षकांविरुद्ध एक गुप्त नोंदवही ठेवतात.' मग अण्णा सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. भाजीवाला हे नाव त्या दिवशी संपलं.

ते वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. इतरांनी सतरा सह्या केल्या, त्यांना ते खरं वाटलं म्हणून केल्या. त्या वहीत काय आहे हे फक्त मला माहीत होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

शाळा समितीची बैठक वाचनालयाच्या खोलीत झाली. इतिवृत्त लिहायला मलाच बसवलं होतं. कार्याध्यक्ष सज्जन गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना भांडण नको होतं. म्हणाले, "बाई, ती वही दाखवा, विषय मिटेल."

"त्यात मुलांनी विश्वासाने सांगितलेलं आहे," बाई म्हणाल्या. "कोणाला काय आलं नाही, ते नावानिशी आहे. हे त्यांच्याच शिक्षकांच्या हाती पडलं, तर ती मुलं पुन्हा कधी तोंड उघडायची नाहीत."

"म्हणजे वही आहे?"

"आहे."

"शिक्षकांबद्दल त्यात काही नाही, हे कुणी सांगू शकेल?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही, नुसतं पाहिलं आणि वाट पाहिली. त्या वेळी त्यांना नक्की कळलं असणार, की पत्रात वही कुठून आली. मी मान खाली घालून लिहिलं, 'मुख्याध्यापिकांनी नोंदवही सादर करण्यास नकार दिला.' अक्षर चांगलं आलं होतं.

त्यांना काढलं वगैरे नाही. आमच्याकडे असं कुणी करत नाही. शाळेची परंपरा आणि ज्येष्ठांचा मान राखावा, तासाला बसण्यापूर्वी त्या शिक्षकाची लेखी संमती घ्यावी, अशी समज दिली. संमती कुणीच दिली नाही. मीही दिली नाही.

पुढची तीन वर्षं बाई केबिनमध्ये बसल्या. दर शनिवारी आमच्या पाठांच्या टाचणवह्यांवर सही करायच्या, पाहुण्यांना नारळ द्यायच्या, अधूनमधून ठाण्याला जायच्या. "आता बाई कशा मुख्याध्यापिका वाटतात," असं लोक बोलू लागले. निकाल पूर्वीइतकाच उत्तम लागत होता. आठवी बमधल्या मुलांना काय कळत नाही, हे कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

निरोप समारंभाला मानपत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. 'शिक्षकांच्या स्वातंत्र्याचा सदैव आदर करणाऱ्या' असं मी लिहिलं आणि माईकवर वाचलंही. बाई उत्तराला उठल्या. म्हणाल्या, "मला या शाळेत सहा वर्षं मिळाली. त्यातली पहिली तीन मला आठवतात." आणि बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गेल्या वर्षी सेवाज्येष्ठतेने मी मुख्याध्यापक झालो. आपल्याकडे अशा वेळी वडीलधाऱ्यांना पेढे द्यायला जातात. मी पेढे घेऊन शहाडला बाईंच्या घरी गेलो, तो त्या वाक्याची कबुली द्यायची असं पक्कं ठरवून. बाई धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या. गुडघे गेले होते, ऐकूही कमी यायचं. पेढा हातात घेऊन त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मग? जाता का वर्गात?"

मी एकदाही गेलो नव्हतो. शिक्षक दुखावतात.

"जातो," मी म्हटलं. "अधूनमधून."

बाईंचा चेहरा असा उजळला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "ऐकलंस का गं," त्यांनी आत हाक मारली, "सर वर्गात जाऊन बसतात!" मग माझ्याकडे सरकून म्हणाल्या, "सांगा ना, काय म्हणतात मुलं?"

मी एक मुलगी तयार केली. सातवीतली. अर्ध्याने भागल्यावर उत्तर मोठं का येतं, भागल्यावर लहान यायला नको का, असं तिने विचारलं म्हणून सांगितलं.

"अगदी बरोबर विचारलंन हो! नाव काय तिचं?"

"सायली," मी म्हटलं.

"तिला नीट समजावून सांगा. नुसतं उलटं करून गुणायला लावू नका." त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. आता कबुली द्यायची तर आधी सायलीला खोटं ठरवावं लागलं असतं. मी चहा घेतला आणि निघालो.

चार महिन्यांनी बाई गेल्या. आमच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर एकाखाली एक हात जोडलेली चित्रं आली. 'मार्गदर्शक हरपल्या', कुणीतरी लिहिलं. मीही हात जोडले.

दहाव्यानंतर भेटायला गेलो, तेव्हा बहिणीने मला बसवलं आणि पाणी दिलं. म्हणाल्या, "तुम्ही येऊन गेलात, ते तिला फार बरं वाटलं. शेवटी शेवटी माणसं ओळखेनाशी झाली होती, पण त्या सायलीचं सारखं विचारायची. तिला कळलं असेल का गं, म्हणायची. मी काय सांगणार?" त्यांनी पदराने डोळे टिपले. "कळलं का हो तिला?"

"हो," मी म्हटलं. "कळलं."