सुकुमारनचं मुंडू आणि गरुड फुलपाखरू

सुकुमारनला कोणी फोटोग्राफर म्हटलं की त्याची बायको ओमना खो खो हसायची. हसेल नाही तर काय! ओट्टप्पालमच्या बसवर जन्मभर घंटी वाजवून निवृत्त झालेला हा माणूस आता लेकीने पाठवलेला कॅमेरा गळ्यात अडकवून फाटकाशी उकिडवा बसायचा. फाटकाला खेटून कृष्णकिरीटाचं झुडूप होतं, लालभडक फुलांचे उंच तुरे आलेलं. ऊन चढलं की त्यावर गरुड यायचं. गरुड म्हणजे फुलपाखरूच, पण तळहातापेक्षा मोठं, काळंकुट्ट नि हळदीसारखं पिवळंधमक. मध पितानाही मेल्याचे पंख थांबत नाहीत. मग सुकुमारन जुन्या सवयीने त्याच्यावर खेकसायचा, "पुढे सरका, पुढे जागा आहे!"

फोटोत मात्र दरवेळी नुसतं फूल.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, मुंडूचा, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या लुंगीवजा धोतराचा होता. उकिडवं बसायचं तर मुंडू गुडघ्यांवर दुमडून खोचायला हवं. आणि समोरून कोणी वडीलधारं आलं की झटकन उभं राहून ते खाली सोडायचं, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबरच शिकवतात. आमच्या गल्लीत वडीलधाऱ्यांचा काय तुटवडा! कोणी देवळातून परतायचं, कोणी दूध घेऊन. गरुड बसलं रे बसलं की कोणीतरी टपकलंच. सुकुमारन उभा, मुंडू खाली, गरुड पसार.

शेवटी ओमनाचं डोकं फिरलं. "ओणमला माझा भाऊ गाडी घेऊन येतोय. या झुडपापायी फाटक धड उघडत नाही. आदल्या दिवशी, उत्राडमला, सकाळी कोयता घालणार म्हणजे घालणार!"

"अगं, झुडूप गेलं तर गरुड कुठे येईल?"

"येतं कुठे ते? मला तरी कधी दिसलं नाही. फोटो दाखवा, झुडूप ठेवते."

ताज्या केळ्याच्या वेफर्सनाही त्या दिवशी सुकुमारनने हात लावला नाही, यावरून काय ते समजा.

ओणमचा आदला दिवस उजाडला. कोयता पायरीवर तयार. ओमना आत नारळ खवत होती. आणि गरुड आलं! रात्रीच्या पावसाने भिजलं होतं की काय कोण जाणे, पंख पसरून चक्क स्वस्थ बसलं. सुकुमारनने श्वास रोखून कॅमेरा डोळ्याला लावला.

तेवढ्यात रस्त्यावर छत्री दिसली. शंकुण्णी मास्तर! ज्यांच्या छडीने अख्खं गाव शहाणं झालं, ते. सुकुमारनचा हात आपोआप मुंडूकडे गेला.

"सुकुमारा!" मास्तर दबक्या आवाजात गरजले. "बस खाली! हललास तर याद राख."

या आवाजाने त्याला आजवर बाकावर उभं केलं होतं. तो 'बस' म्हणालेला त्याने आज पहिल्यांदा ऐकला. त्याचे डोळेच भरून आले.

मग मास्तरांनी छत्री मिटली, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचं मुंडू दुमडून खोचलं. मास्तरांना गुडघे आहेत हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. ते सुकुमारनच्या शेजारी उकिडवे बसले.

"घे आता."

खट्!

"अगो बाई, मास्तर!" दारातून ओमना किंचाळली. खवलेल्या नारळाची वाटी तिच्या हातून सुटली आणि गरुड माडाच्या शेंड्यावरून पार गेलं. सुकुमारनने कॅमेरा पुढे केला. तिने पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"एवढं पिवळं असतं होय?" ती हळूच म्हणाली.

"गप्पा नंतर," मास्तर कण्हले. "गुडघे धरलेत. उठवा मला."

एका बाजूने नवरा, दुसऱ्या बाजूने बायको, असं दोघांनी मास्तरांना कसंबसं उभं केलं. मास्तरांनी आधी मुंडू खाली सोडलं, मगच चहाला हो म्हटलं. ओमनाने कोयता उचलून आत नेला आणि चहाचं आधण ठेवता ठेवता भावाला फोन लावला.

"हे बघ, उद्या ये, पण गाडी रस्त्यावर लावायची. आमच्या फाटकाशी जागा नाही."