तिखट कान आणि हिरवा चुडा

भोसरीच्या आमच्या खोलीत एका रविवारी डॉक्टरीणबाई आल्या आणि माझ्या बांगड्यांनी घोटाळा केला...

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. आमचे हे एका कंपनीत प्रेस शॉपला होते. पत्रा ठोकून भाग काढणारी भलीमोठी मशिनं, दिवसभर नुसतं धाडधाड. आत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे, त्यामुळे सगळा कारभार खुणांवर. अंगठा ओठाला लावला की चहा, बोटांचा चष्मा करून डोळ्यांवर धरला की साहेब आले.

शिफ्ट सुटली तरी कान काही मोकळे व्हायचे नाहीत. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, आणि ‘अहो’ तर त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही! म्हणून आमच्या ओळीतल्या बायकांनीही त्या खुणा शिकून घेतल्या. शेजारच्या शेवंताताई मात्र खुणांच्या भानगडीत पडत नसत, त्या सरळ नवऱ्याला खडा मारायच्या. नेम कधी चुकला नाही.

अशात पुण्याच्या मेडिकल कॉलेजातल्या एक तरुण डॉक्टरीणबाई संशोधनासाठी कंपनीत आल्या. मशिनच्या आवाजाने कामगारांच्या कानांवर काय परिणाम होतो ते त्यांना बघायचं होतं. पण शॉपमध्ये बातमी पसरली की ज्याला कमी ऐकू येतं त्याला घरी पाठवणार... झालं, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तपासणी साधी होती. कानाला हेडफोन लावायचा, आवाज आला की हात वर करायचा. बाई आडोशामागे बसून बटण दाबायच्या. पण त्यांच्या मागे औषधांचं काचेचं कपाट होतं आणि त्यात त्यांचं बोट लख्ख दिसायचं! पहिल्याच गड्याच्या ते लक्षात आलं. बाहेर पडता पडता त्याने दारातल्या रांगेला खूण करून सगळं समजावलं.

निकाल काय लागला असेल? अख्ख्या शॉपचे कान ठणठणीत. खडे खाणाऱ्या शेवंताताईंच्या नवऱ्याचेसुद्धा!

बाईंना ते काही पचेना. म्हणून त्या रविवारी घरोघरी विचारपूस करायला आल्या. यांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं, “आमचं कान लई तिखट हायेत, येवढंच सांगायचं. दुसरं काय बी न्हाई.” मला सातवा महिना होता. पाळणा हलायच्या आधी नोकरी गेली तर काय करायचं, या धास्तीने मीही मुकाट मान डोलावली.

बाई मान खाली घालून, लिहीत लिहीत प्रश्न विचारत होत्या. ओठ बघून बोलणं ओळखायची यांची सवय, तेच दिसेनात म्हटल्यावर हे गडबडले. मग मी स्टोव्हजवळून, बाईंच्या पाठीमागून, बांगड्या वाजणार नाहीत अशा बेताने खुणा सुरू केल्या. झोप नीट लागते का? मी गालाखाली हात घेतला. “पडल्या पडल्या!” हे म्हणाले. जेवण जातं का? मी घास दाखवला. “दोन येळला!”

मग बाईंनी विचारलं, कानात गुणगुण आवाज येतो का? आता याला कुठून खूण आणायची... मी कानांभोवती दोन्ही हात भिरभिर फिरवले. हे माझ्याकडे बघतच राहिले. मग एकदम उजळून म्हणाले, “मोहोळ व्हय? हाय की! गावाकडं चिंचेला लागलंय.”

मी कपाळावर हात मारला. आदल्याच आठवड्यात डोहाळजेवण झालेलं, मनगटभर नवा हिरवा चुडा. असा काही खळखळला की बाईंनी गर्रकन मागे बघितलं. माझा हात तसाच कपाळावर... आणि हे अजून हसतायत, बांगड्या वाजल्याचं यांच्या गावीही नाही!

बाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या पोटाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, “बाळ रडायला लागलं की यांना कोण खुणा करणार?”

मला एकदम भडभडून आलं. इतके दिवस तीच भीती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. मी सगळं ओकून टाकलं. कामावरून आल्यावर यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही, कपाटाच्या काचेची गंमत, सगळं सगळं. हे माझे ओठ वाचत होते. “आगं, नोकरी जाईल माजी!” एवढंच म्हणाले. यांचा तसा पडलेला चेहरा मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

बाई यांच्यासमोर येऊन सावकाश बोलल्या. नावं त्या कुणालाच देणार नव्हत्या. पण सगळ्यांचे कान चांगले निघाले, तर कंपनी कानांसाठी काही कशाला करेल? गेलेलं ऐकू येणं परत यायचं नाही, पण शिफ्टनंतर कानांना बसणारा दडा तरी टळेल, उरलेलं सांभाळा...

पुढच्या आठवड्यात बाईंनी सगळ्यांना कपाटाकडे पाठ करून पुन्हा तपासायला बसवलं. सगळ्यात आधी हे गेले. घरी आले तेव्हा घामाघूम! म्हणाले, ऐकू आलं तेव्हाच हात वर केला. आता होईल ते होईल.

कुणाचीही नोकरी गेली नाही. काही महिन्यांनी कानांवर घालायची जाडजूड टोपणं आली. “आमी काय टांग्याची घोडी हाय?” म्हणत सगळ्यांनी आधी ती गळ्यात मिरवली. मग घरोघरी बायकांनी दम भरला, तेव्हा कुठे ती कानांवर गेली. त्या डॉक्टरीणबाईंची पुन्हा भेट झाली नाही, पण त्यांचे उपकार मी विसरले नाही.

लेक तीनेक महिन्यांची असेल. दुपारी हे पहिल्या शिफ्टहून येऊन जेवायला बसले होते आणि मी मोरीत नळ सोडून भांडी घासत होते. हे उष्ट्या हाताने मोरीच्या दारात आले आणि माझ्यावर खेकसले, “कवाधरनं रडतीया ती! तुला ऐकू येत न्हाई व्हय?”

नवऱ्याची बोलणी इतक्या आनंदाने मी पुन्हा कधी खाल्ली नाहीत.