धूर छपराच्या वर

वेल्डिंगवाल्या काकू कुठल्याही गाडीकडे आधी मागून बघायच्या. गाडी दुकानापुढे थांबली की बाकीचे मिस्त्री समोर जाऊन बोनेट उघडायला लावतात. काकू सरळ मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीपाशी उकिडव्या बसायच्या, ड्रायव्हरला "दाब जराशी" म्हणायच्या आणि बाहेर पडणाऱ्या धुरापुढे उजवा तळहात धरायच्या. मग तो हात नाकाशी नेऊन उठायच्या. "ऑइल खाऊन राह्यली," किंवा "हवा पोचत नाही हिले," एवढंच सांगायच्या. ट्रॅक्टरवाले, टेम्पोवाले आधी हसायचे, मग इंजिन उघडल्यावर गप्प व्हायचे.

चिखलीत खामगाव रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. सहावारी साडी, वरून नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो चष्मा कपाळावर सरकवून त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून आत बघत होते.

"मिस्त्री कुठं आहेत?" मी विचारलं.

"समोरच उभा हाये," काकू म्हणाल्या.

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'जातो, येतो' असंच म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण त्या दिवशी ते वाक्य मला चांगलंच लागलं. शाळेत मुलींना शिकवणारी मी, आणि मिस्त्री म्हणजे पुरुष हे धरूनच तिथं गेले होते.

माझं काम बसचं होतं. आम्ही सात जणांनी मिळून भीमगीतांची एक गायन पार्टी काढली होती. गावोगावी कार्यक्रम व्हायचे, आणि मंच, माइक, पेटी, ढोलकी असं सगळं सामान दरवेळी भाड्याच्या जीपमध्ये कोंबावं लागायचं. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात एक फार जुनी डिझेल बस उभी होती, ती आम्ही घेतली. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, त्यावर लोखंडी झाकण. मागची निम्मी आसनं काढून टाकली. डाव्या बाजूची भिंत कापून बिजागऱ्यांवर बसवली. ती खाली पाडली की तिचाच मंच व्हायचा. दिनकरभाऊ गाडी चालवायचे आणि ढोलकीही तेच वाजवायचे. गाडी हलली त्या दिवशी आम्हाला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पण गाडी आम्हालाच आजारी पाडू लागली. दर प्रवासानंतर डोकी दुखायची. अमडापूरहून परत येताना आमच्यातली सगळ्यांत लहान गायिका संघमित्रा मागे सतरंजीवर झोपली होती, ती चिखली आली तरी उठेना. गाल लालबुंद, हाक मारली तर नुसतं हूं. खाली उतरवून मोकळ्या हवेत बसवल्यावर उलटी झाली आणि ती शुद्धीवर आली. उपाशी पोटी गायल्यामुळे झालं असेल, असं आम्ही तिच्या आईला सांगितलं. एका गॅरेजवाल्यानं गाडी पाहून "भंगारात द्या, हिच्यात काही राहिलं नाही," असा निकाल दिला.

काकूंनी नेहमीसारखा मागून हात धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "इथं धूरच नाही. मंग जाते कुठं?" म्हणत त्या गाडीखाली सरपटत गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा शर्ट गंजानं तांबडा झाला होता. धूर बाहेर नेणारी नळी गाडीच्या मधोमध कुजून तुटलेली होती. सगळा धूर पोटाखाली सुटत होता. त्या आत चढल्या, सतरंजी ओढून बाजूला केली. आसनं काढली तेव्हा त्यांच्या बोल्टांची भोकं आम्ही तशीच ठेवली होती. ओळीनं वीस-पंचवीस भोकं.

"ते पोरगी इथंच झोपली होती काय?"

मी हो म्हणाले.

"उपाशी नव्हती ते. धूर प्याली. अजून अर्धा तास झोपली असती त उठली नसती." एवढं बोलून त्या खाली उतरल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तरीनबाई, गाडी इथंच राहू द्या. भंगार म्हननाऱ्याले मी दाखवतो."

पंधरा दिवस गाडी त्यांच्याकडे होती. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची. दुकानाच्या कोपऱ्यात काकूंचे यजमान खुर्चीवर बसलेले असायचे. दुकान मुळात त्यांचं. वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग केल्यामुळे त्यांची नजर गेली, आणि काकूंनी हत्यार हातात घेतलं. बाईनं रस्त्यावर, गाड्यांखाली लोळत काम करावं याचा लोकांनी बराच गवगवा केला होता म्हणे. काकू त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. सोळा वर्षं माहेरी पाऊल टाकलं नाही, एवढं एकदा यजमानांच्याच तोंडून निघालं, तेव्हा काकूंनी ग्राइंडर सुरू करून पुढचं बोलणं बुडवलं.

काम करताना मात्र बोलायच्या, आणि नळीला जीव असल्यासारखं बोलायच्या. नळी वाकवायची असली की तिच्यात कोरडी वाळू ठासून भरायच्या, दोन्ही तोंडं लाकडी गुट्ट्यांनी बंद करायच्या आणि मग गॅसच्या ज्योतीवर लाल करून हळूहळू वळवायच्या. वाळूनं नळी आतून चेपत नाही. "चेपली की इंजनाचा श्वास कोंडते. बाहेर सोडता नाही आलं त आत घेनार कसं?" म्हणून वळणं कमीत कमी आणि नळी रुंद. इंजिन थरथरतं, तिथं जोड ताठ ठेवला तर पुन्हा तडकणार, म्हणून मध्ये लवचीक तुकडा. सायलेन्सर टांगायला जुन्या टायरच्या पट्ट्या. गाडीच्या तळातलं प्रत्येक भोक त्यांनी पत्र्याचं ठिगळ लावून बंद केलं आणि ठिगळं माझ्याकडून मोजून घेतली.

त्या दिवसांत बोलता बोलता मी त्यांना एक हकीकत सांगितली. तालुक्यातल्याच एका गावात बौद्ध वस्तीनं आम्हाला कार्यक्रमाला बोलावलं होतं. गाडी चौकात उभी केली तेव्हा पाच-सहा बडी माणसं आली. भांडली नाहीत. "तुमच्या गाडीचा धूर आमच्या घरात येते, म्हातारे माणसं हायेत," म्हणाली आणि गाडी गावाबाहेर, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे न्यायला लावली. आम्ही नेली. धूर खरंच होत होता, मग बोलणार काय? लोक अंधुकशा पायवाटेनं तिथवर आले आणि आम्ही काट्याकुट्यांत गायलो.

काकूंनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातली ज्योत विझवली. मग त्या खडूनं गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर खालून वर, थेट छपरापर्यंत एक रेघ ओढत गेल्या.

"नळी मागून काढायची नाही. धुराडं करतो. धूर छपराच्या वर. मंग पाहू कोनाच्या घरात जाते तं."

धुराडं उभं राहिलं. वर पावसासाठी झडप, खाली कोणाचा हात भाजू नये म्हणून भोवती जाळीचा पत्रा. त्याआधी त्यांनी दिनकरभाऊंना पाठवून डिझेलचा पंप आणि नोझल साफ करून आणायला लावलं, कारण काळा धूर नळीनं कमी होत नाही, तो इंजिनातच कमी करावा लागतो. शेवटच्या दिवशी सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून, हवा सोडून बुडबुडे येतात का ते बघितलं. मग खिडक्या बंद करून, इंजिन चालू ठेवून त्या स्वतः आत सतरंजीवर जाऊन बसल्या. मीही चढू लागले तर हातानं थांबवलं. "आधी मी. मले काही झालं त माया कामाची चूक. तुमाले काऊन?" अर्धा तास त्या आत बसल्या. मी काचेतून बघत होते. उतरल्या तेव्हा म्हणाल्या, "झोप येऊन राह्यली होती, पन ते कालच्या जागरनाची."

आरटीओत गाडीच्या पासिंगला त्या सोबत आल्या. तपासणाऱ्या साहेबांनी खाली वाकून सगळं पाहिलं, इंजिन चालू करायला लावलं आणि विचारलं, "चांगलं काम आहे. कोणी केलं?" मी "काकूंच्या दुकानात" म्हणाले. काकूंनी मला लगेच दुरुस्त केलं, "दुकानात नाही साहेब. मी केलं." साहेबांनी मान डोलावली आणि कागदावर सही केली.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याच गावच्या वस्तीचं पुन्हा बोलावणं आलं. काकू म्हणाल्या, "मी येतो." मला वाटलं, काम कसं चालतंय ते बघायला येत असतील.

ऊन उतरायच्या वेळेला आम्ही चौकात गाडी उभी केली. तीच माणसं आली. पुढे होता तो साठीचा, पांढऱ्या धोतरातला उंच माणूस. "मागच्या खेपीले सांगतलं होतं ना? धूर होते," असं तो म्हणतोय तोच गाडीच्या दारातून काकू उतरल्या. साडी, वर तोच शर्ट. त्या माणसाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"तू इथं काय करून राह्यली?"

"काम पाहायले आलो. हे धुराडं मी केलं, दादा."

तेव्हा आम्हाला कळलं. हे काकूंचं माहेर होतं, आणि हा त्यांचा सख्खा थोरला भाऊ. त्यांनी हत्यार हातात घेतलं तेव्हा "एक त हे काम सोड, नाही त हे घर सोड," असं म्हणणारा तोच.

काकूंनी दिनकरभाऊंना इंजिन चालू करायला सांगितलं. गाडी घरघरली. छपराच्या वर हवा नुसती थरथरताना दिसत होती. धूर असा नव्हताच. काकू भावाला म्हणाल्या, "दाखव धूर."

आसपासच्या ओट्यांवर माणसं येऊन उभी राहिली होती.

"धूर नाही. मंग आता दुसरं कारन सांग. खरं असन तेच सांग. मोठ्यानं सांग, आमच्यापाशी माइक हाये."

त्यांचा आवाज चढला नव्हता. भाऊ उभा राहिला, बाकीच्यांकडे त्यानं पाहिलं. खरं कारण चारचौघांत उच्चारायची कोणाची तयारी नव्हती. तो वळून घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. आम्ही भिंत खाली पाडली. त्या संध्याकाळी आम्ही चौकात गायलो, आणि ओट्यांवरची काही माणसं शेवटपर्यंत उठली नाहीत. तेव्हापासून गाडी दरवर्षी चौकातच उभी राहिली.

परत येताना मी त्यांना विचारलं, "काकू, घर समोर होतं. वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. आईच्या हातचा तुयशीचा ओटा दिसत होता." मग बाहेर बघत म्हणाल्या, "पन खोटं कारन आयकून घेतलं असतं त जास्त वाटलं असतं."

त्या दिवाळीला भावानं भाऊबीजेचा निरोप धाडला. साडी घेऊन ठेवली आहे, ये, पण ते काम आणि ती गाडी यांचा विषय घरात नको. काकूंनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि सांगितलं, "त्याले म्हना, मी येईन त हातासगट येईन. हात दुकानात ठेवून येता येत नाही." साडी आली नाही, त्याही गेल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. छातीत दुखायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी संपलं. शेवटचं काम त्यांनी आमच्याच गाडीचं केलं होतं, धुराड्याची झडप बदलली होती. दहाव्याला त्यांचा भाऊ दुकानावर आला. यजमानांजवळ बसून रडला. खोटं रडत नव्हता, एवढं मला कळत होतं. निघताना मला बाजूला बोलावून हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी गावात येता, या. आमचं काही म्हननं नाही. फक्त तिचं नाव तिथं काढू नका. लोकाइले आता विसर पडू द्या."

मी त्याला पाणी दिलं. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही.

त्यानंतरच्या एप्रिलला आम्ही गेलो. चौकात भिंत खाली पडली, दिनकरभाऊंनी ढोलकी सुरात लावली, संघमित्रा माझ्या शेजारी उभी राहिली. समोरच्या ओट्यावर तो बसला होता. मी माइक हातात घेतला आणि सांगितलं की आजचा कार्यक्रम आम्ही एका मिस्त्रीच्या नावानं करतो आहोत. मग काकूंचं नाव घेतलं. दुकानाच्या पाटीवर होतं ते सासरचं नाही. त्यांचं पाळण्यातलं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि त्या घराचं आडनाव, असं पूर्ण. दोनदा घेतलं, म्हणजे मागच्यांना ऐकू आलं नाही असं कोणी म्हणायला नको.

तो ओट्यावरून उठला. दारापर्यंत गेला, पण आत गेला नाही. चौकटीला धरून तिथंच उभा राहिला. मी पेटीवाल्याला खूण केली आणि पहिल्याच ओळीला सूर वरचा लावला.