ताईचं तेल आणि भाऊजींची मोटार

आमच्या भाऊजींना घाबरता येत नाही, आणि त्यामुळे त्यांच्या वाट्याची भीती आम्हा सगळ्यांना वाटून घ्यावी लागते. विज्ञानाचे निवृत्त मास्तर. अमरावतीत त्यांच्या दारात माझ्यापेक्षा वयानं मोठी एक काळी मोटार उभी असते. सकाळी आधी तिची विचारपूस, मग माझ्या बहिणीची. पाहुणा आला की चहाच्या आधी बॉनेट उघडतं. लग्नाला निघाले तरी खिशात पाना असतोच. एकदा नव्या व्याह्यांसमोर त्यांनी त्याच पान्यानं सुपारी फोडली. व्याह्यांनी ती खाल्लीही. मी बघतच राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात त्या मोटारीचा अ‍ॅक्सिलरेटर अडकायला लागला. पाय उचलला तरी पेडल खालीच. ताईला घेऊन अकोल्याला निघाले असताना बडनेऱ्यापुढे गाडी अशी सुटली, की पुढच्या ट्रकच्या पाठीवरची अक्षरं ताईला चष्म्याशिवाय वाचता आली. भाऊजींनी शांतपणे चावी बंद केली, गाडी बाभळीखाली नेऊन थांबवली आणि म्हणाले, "पा, ब्रेक किती मस्त आहे."

ताई एसटीनं घरी परतली. "तुमच्या त्या गाडीत मी आता पाय ठेवत नाई," एवढंच बोलली. तिच्याशिवाय भाऊजी गाडी कोपऱ्यापर्यंतही नेईनात. रोज नुसते स्टिअरिंगशी जाऊन बसायचे. ते मला बघवेना.

भाऊजींनी स्प्रिंग बदलली, पेडलखालची चटई काढली, कार्बोरेटर दोनदा धुतला. पेडल आणखीच जड. शेवटी मी अकोल्याहून एका म्हाताऱ्या मिस्त्रीला आणलं. त्यानं अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढली, बोटाला लागलेला पिवळा चिकटा हुंगला आणि विचारलं, "मास्तर, याच्यात काय टाकता?"

"जवसाचं तेल. घाण्याचं. रोज."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"गुडघ्याले चालते, मंग तारेले कावून नाई?" भाऊजी म्हणाले.

"सुताराले इचारा. लाकडाले चोळलं की वाळून कडक होते थे," मिस्त्री म्हणाला.

विज्ञानाचा मास्तर, आणि हे! मी तोंड उघडणार, तोच भाऊजींनी माझा हात दाबला. स्वयंपाकघराकडे बघत ते हळूच म्हणाले, "तिले सांगू नको. पेडल पयल्यांदा कुरकुरलं तवा तिनंच वाटी आणून देल्ली. मी धड घरी यावं म्हणून रोज देऊन राहिली. बडनेऱ्यानंतर तर मोठी वाटी काढली तिनं."

मिस्त्रीनं तार रॉकेलमध्ये धुतली, कोरडी केली, बसवली. पेडल टपकन वर आलं. भाऊजींनी आत जाऊन ताईला सांगितलं, "स्प्रिंग मीच उलटी बसवली होती. चूक माही." ताईनं अर्धा तास त्यांचा उद्धार केला. त्यांनी मान खाली घालून तो सगळा ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवशी मोझरीला जायचं ठरलं. ताईनं निघताना वाटी दिली. बॉनेटच्या आड पायजमा वर करून भाऊजींनी ते तेल दोन्ही गुडघ्यांना चोळलं आणि वाटी रिकामी करून परत दिली. जाताना ताईनं गाडीच्या दाराची मूठ घट्ट धरून ठेवली होती. येताना मात्र तिला झोप लागली. भाऊजी इतकी हळू गाडी चालवत होते, की सायकलवाले पुढे जात होते. मी मागे बसलो होतो. खरं सांगतो, मला त्या दोघांचा फार हेवा वाटला.