कुकरातला परकाश

माझ्या आत्तीइतकं नातेवाइकांना शिस्तीत ठेवणारं माणूस उभ्या जोयडा तालुक्यात सापडणार नाही. फक्त तिचे नातेवाईक कुंड्यांत राहतात. वडिलांची ही थोरली बहीण रामनगरात हमरस्त्याला लागून, आमच्या शेजारीच राहायची. अंगणभर गळकी घागर, तेलाचे डबे, कान तुटलेला कुकर, आणि त्यांत तांबड्या, केशरी, जांभळ्या डेझी. या फुलांना वास नाही, देवाला कुणी वाहत नाही, वेणीत कुणी माळत नाही. "मग लावायच्या कशाला?" असं एका शेजारणीनं विचारलं, तर आत्ती म्हणाली, "तुझ्या जावयाचा तरी काय उपेग हाय? ठेवलायस न्हवं घरात?"

गोव्याकडे जाणारे ट्रक धूळ उडवतात, म्हणून ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. "तोंडं धुतल्याबिगर चा न्हाई," हा नियम रोपांना आणि मलाही लागू. पावसाळ्यात कुंड्या तिच्या सोप्यात यायच्या आणि चहाला गेलेला मी उंबऱ्यावर. प्रत्येक रोपाला घरातल्या कुणाचं तरी नाव. टवटवीत तांबडी ती तिची लेक, केशरी ती माझी बायको. कुकरातलं, कायम मान टाकलेलं, कधीच न फुललेलं मरतुकडं रोप म्हणजे मी. माझ्याबद्दल घरात साधारण हेच मत असल्यानं मी वाद घातला नाही. पण एकदा आत्ती बाजारात म्हणाली, "परकाशचं काय खरं न्हाई, बुडातनं कुजलाय," आणि संध्याकाळी गणेशगुडीहून माझा जुना मित्र केळ्यांची फणी घेऊन रडवेल्या तोंडानं दारात उभा. मी धडधाकट आहे आणि वर भजी खातोय, हे पाहून त्याला रागच आला, आणि केळी त्यानं परत नेली.

यंदा आत्तीचे गुडघे पार गेले. लेकीनं तिला कायमचंच बेळगावला बोलावलं. तिथल्या गॅलरीत जेमतेम एक कुंडी मावणार. कुठली न्यायची, या विचारानं आत्तीला अन्न गोड लागेना. तांबडीच नेणार, हे मी धरून चाललो होतो. गाडी आली तेव्हा तिच्या मांडीवर कुकर होता.

"आत्ती, एखादी फुलणारी ने की."

"बाकीची तुझ्या हातनं बी जगतील. ह्यो न्हाई जगायचा," ती म्हणाली आणि पदरानं माझी पानं पुसू लागली. गाडी वळणाआड गेली तसं मी तिचं फडकं ओलं केलं.

परवा तिचा फोन आला. "परकाशला फूल आलंया."

"कुठल्या रंगाचं?"

"यी की बघायला."

जायचंय खरं. पण सकाळी इथल्या सगळ्यांची तोंडं धुवायची असतात, त्याआधी चहा नाही, आणि तोवर बेळगावची बस निघून गेलेली असते.