आधी हात दाखवा

आमच्या सोलापूरच्या ग्रंथालयात कुणी पुस्तक मागायला आलं, की ग्रंथपाल हिरेमठ अण्णा त्याला नाव विचारत नसत. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, चष्म्यावरून बघून म्हणत, "आधी हात दाखवा." वकील असो नाहीतर कापडगिरणीतला जॉबर, दोन्ही तळवे टेबलावर. पसंत पडले तर पुस्तक, नाहीतर कोपऱ्यातला नळ. आणि नळाला पाणी नसलं की त्या दिवशी आमची वाङ्मयसेवा बंद.

परत आलेलं पुस्तक ते आधी हुंगत. "शेंगाचटणी!" ते जाहीर करत. "बघा बाई, ऐन खुनाच्या पानावर! अय्यो शिवा, खून बघताना भूक लागतेच कशी यांना?" बाई म्हणजे मी, तिथली कारकून. सत्तरच्या दशकातली ती वर्षं मी त्यांच्यासमोर बसून काढली आणि डबा खाल्ल्यावर साबणानं हात घासघासून धुतले. पुस्तकं माणसांसाठी असतात, असं एकदा धीर करून म्हणून पाहिलं. अण्णा म्हणाले, "असतात की. पण माणसं कुठं पुस्तकांसाठी असतात?"

जिल्हाभर वाचनाचा प्रसार करणं हे आमचं ध्येय होतं. प्रसार म्हणजे पुस्तकांची लाकडी पेटी एसटीच्या टपावर चढवायची आणि बार्शीकडे, माळशिरसकडे रवाना करायची. काही महिन्यांनी ती परत यायची, मग दुसरी जायची. माळशिरसजवळच्या एका गावात पेटी ठेवायला जागा मिळाली ती तात्यांच्या पिठाच्या गिरणीत. ज्या कुणाला ही जागा सुचली, त्याचा खरं तर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला हवा होता. पण नवल असं, की त्या पेटीतल्या पुस्तकांवर पिठाचा कणही नसे. अण्णा हुंगत आणि तृप्त होत. "याला म्हणतात वाचक!"

एकदा वरून तपासणीला साहेब आले. त्या दिवशी तात्या नेमके पेटी बदलायला आले होते. साहेबांनी वरची चार पुस्तकं चाळली आणि निकाल दिला, "हिरेमठ, ही कुणी उघडलेलीसुद्धा नाहीत. या गावची पेटी बंद करा."

तात्या कळवळले. "आवो सायेब, आमी हात धुऊन वाचतो की! पेटीपाशी बादली-साबण ठिवलाय. अण्णास्नी वास येतुया, म्हणून लोकं लई भित्यात."

साहेब हसले. वाचकांची नोंदवही मी पुढे केली, पण नोंदवह्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतः बऱ्याच भरल्या असणार. "खालची पुस्तकं जेवून आल्यावर बघतो," म्हणाले आणि चादरी घ्यायला नवी पेठेत गेले. आमच्या पेटीला पाच मिनिटं दिलेल्या या गृहस्थांनी चादरींची तपासणी मात्र दुपारभर केली.

अण्णा पुस्तकं पेटीत परत लावत होते. तात्या पुनःपुन्हा म्हणत होते, "पेटी बंद झाली तर पोरी काय वाचतील वो? दळण टाकायच्या निमतानं येत्यात बिचाऱ्या."

अण्णांनी डबा उघडला. मला वाटलं, राग अन्नावर निघणार. पण त्यांनी चटणीत अंगठा बुडवला, पेटीच्या तळातली एक कादंबरी घेतली, डोळे मिटले आणि अंगठा पानावर टेकवला. "शिवा शिवा," म्हणाले आणि पान उलटलं. मग आम्ही तिघं पुस्तकं मांडीवर घेऊन जेवलो. तात्यांनी भाकरीचं पीठ झटकलं, मी लोणच्याचं बोट लावलं. इतकं जिवावर येऊन केलेलं जेवण मी दुसरं पाहिलेलं नाही.

साहेब परतले, खालची पुस्तकं चाळली आणि खूश झाले. "अरे, वाचतात की लोक! चालू ठेवा." केवढी ही पारख!

तात्या निघाले, तेव्हा अण्णा दारापर्यंत गेले. "पुढच्या खेपेला जरा घाण करा. पण जराच हां!"

निवृत्तीनंतर अण्णांनी अंथरूण धरलं. मी भेटायला जाताना मुद्दाम तीच कादंबरी नेली. पुस्तक पाहताच त्यांनी सुनेकडून ओलं फडकं मागितलं, बोटं एकेक करून पुसली आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

"चालतील?"

मी दोन्ही तळवे नीट निरखले. "चालतील की, अण्णा."

त्यांनी ते डागाचं पान काढून नाकाशी नेलं. "वास गेला की हो, बाई. तात्यांची पेटी जाते ना अजून?"

"जाते."

पंधरवड्यानं अण्णा गेले. मुलानं कादंबरी परत आणून दिली. शेवटच्या पानावर विभूतीची बोटं उमटली होती. हात न पुसताच वाचली होती म्हाताऱ्यानं! मी ती हुंगली आणि माळशिरसच्या पेटीत सगळ्यांत वर ठेवली.